घणाचा दांडा: लाकूड कोणतं, आणि घट्ट कसा बसवायचा?

धायरीकर: मंडळी, पाच किलोच्या घणाचा दांडा मानेजवळ मोडला. कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे घेतोय, खाली काळा पाषाण लागलाय. बोहरी आळीत सागवानाचा दांडा दाखवला, व्हार्निश मारलेला, चकचकीत. महाग वाटला, घेतला नाही. बाभळीचा चालेल का? शेजारचे म्हणतात, घण रात्रभर पाण्यात ठेव, आपोआप आवळतो.

जुना फिटर: घेतला नाहीत तेच बरं. सागवान दारा-खिडक्यांना. वाळवीला दाद देत नाही, पण दणका सोसणं त्याचं काम नव्हे. धामणीचं लाकूड मिळालं तर सोनं, नाहीतर तिवस, तीही नसेल तर बाभूळ, पण चांगली वाळलेली.

दांडा हातात घेतला की रेषा बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावायला हव्यात. मध्येच कडेला सुटत असतील तर तिथेच मोडणार. टोकाकडून पाहिलं तर रेषा घावाच्या दिशेने हव्यात, आडव्या नकोत. गाठ दिसली की परत ठेवा. रंगवलेला दांडा मी घेतच नाही, रंगाखाली काय दडलंय कुणी बघितलंय? व्हार्निश तर खरवडूनच काढायचं, हाताला फोड येतात.

नेढ्यातला, म्हणजे घणाच्या भोकात अडकलेला तुकडा जाळून काढू नका, पोलादाचं पाणी उतरतं, कडकपणा जातो. ड्रिलने पोखरा आणि ठोकून पाडा. नवा दांडा कानशीने थोडा घासायचा, घालून बघायचा, काढायचा. लाकडावर जिथे काळा डाग उमटेल तेवढंच परत घासायचं. घाई इथेच नडते. मग नेढ्याच्या लांब बाजूने करवतीची खाच, नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश.

आता घण खाली लोंबता ठेवून दांडा हवेत उभा धरा आणि वरच्या टोकावर लाकडी हातोडीने मारा. जड घण जागचा हलत नाही, दांडा त्यात शिरत जातो. टोक बाहेर डोकावलं की खाचेत लाकडी पाचर, वरून लोखंडी पाचर तिरकी. उघड्या टोकाला जवसाचं तेल पाजा, पितं तेवढं.

पाण्याचं म्हणाल तर लाकूड फुगतं, लोखंड फुगत नाही. तंतू आतल्या आत चेंगरतात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा ढिला होतो.

मुळशीचा शेतकरी: काका, टिकावालाही पाचर मारायची का? आमचा पावसाळ्यात गच्च असतो आणि वैशाखात खुळखुळतो.

जुना फिटर: नाही हो. टिकावाचा दांडा वरून घालतात, त्याचं डोकं जाड असतं. फिरवाल तसा आवळत जातो. खुळखुळला तर दांड्याचं जाड डोकं खाली करून जमिनीवर आपटा, टिकाव सरकून जागेवर बसतो. वापरण्याआधी मात्र रोज बघा.

धायरीकर: लांबी किती घेऊ?

जुना फिटर: पाच किलोला तीन फूट. पण अरुंद खड्ड्यात तो फिरणार कसा? तिथे छिन्नी आणि सुतकी, म्हणजे आखूड दांड्याचा लहान घण वापरा, मोठा घण वर काढलेल्या धोंड्यांसाठी ठेवा. आणि डोळ्यांना चष्मा लावा, काळ्या दगडाची कपची फार लांब उडते.