मदत हवी आहे: ऑफिस बिल्डिंगमध्ये फास्ट नेट आणायचंय, सगळी वायरिंग बदलावी लागेल का?

जुनापाया: ७ मजली जुनी ऑफिस बिल्डिंग आहे माझी. वरच्या २ मजल्यांचे भाडेकरू म्हणतात नेट सुधारा नाहीतर ॲग्रीमेंट संपलं की निघतो. नेटवाले म्हणतात फायबर दिलीय, आमचं काम संपलं. प्लॅन वाढवू की सगळं उपटून नवीन टाकू? लवकर सांगा, याच आठवड्यात उत्तर द्यायचंय.

तारयंत्री: फायबर कुठपर्यंत आलीय? वर काय गेलंय?

जुनापाया: मीटर रूमपर्यंत. पुढे निळ्या वायरी.

गच्ची: वायरीच्या नादी लागू नका, मजल्यागणिक ५जी राउटर ठेवा, आमच्याकडे २ वर्षं मस्त चाललंय.

तारयंत्री: तुमच्याकडे माणसं किती? ५० जण एकदम व्हिडिओ कॉलला बसले की कळेल. काचांना मेटलचं कोटिंग असेल तर सिग्नल नीट आत येत नाही.
जुनापाया, वायरीवर काय छापलंय बघा. कॅट ५ई (तांब्याच्या नेट वायरीचा एक प्रकार) असेल तर सेकंदाला १ गिगाबिट वेग आरामात मिळतो पण १०० मीटरपर्यंतच, आणि ते शाफ्टमधून (वायरी वर नेणाऱ्या उभ्या पोकळीतून) वळत वळत गेलेल्या वायरीचे मीटर.

जुनापाया: ५ई आहे. लांबी माहीत नाही. सगळ्या मजल्यांना एकच कनेक्शन वाटून दिलंय, राउटर खालीच आहे.

तारयंत्री: अहो हे पहिल्यांदा सांगायचं ना! ७ ऑफिसं एका लाइनवर आहेत, वायरीला दोष का देताय? प्रत्येक मजल्याला वेगळं कनेक्शन घेता यावं म्हणून शाफ्टमधून प्रत्येक मजल्यावर सिंगल मोड फायबर (लांब अंतराला चालणारी फायबर) न्या, तिच्या जास्तीच्या जोड्या टाकून ठेवा. पुढे वेग वाढवायचा झाला तर फक्त दोन टोकांची मशीनं बदलायची.

गच्ची: एवढा खर्च मालकाने का करायचा? ज्याला नेट हवं तो टाकेल.

भाडेकरू_मी: आणि शाफ्टची किल्ली कोणाकडे असते? आमच्या आधीच्या मालकाने एकाच कंपनीशी करार केला होता, दुसऱ्या कोणाला आतच येऊ देईना, रोज कॉल तुटायचे, शेवटी आम्ही जागा सोडली. रस्ता मालकाने करून द्यावा, कनेक्शन ज्याचं त्याने निवडावं.

निवांतपक्षी: उंदीर वायरी कुरतडतात त्यावर काय करता?

तारयंत्री: आर्मर्ड केबल, म्हणजे धातूचं कवच असलेली. आणि स्लॅबला भोकं पाडली की आगरोधक मटेरियलने बुजवा, नाहीतर आग लागल्यावर धूर थेट वरच्या मजल्यावर.

जुनापाया: शाफ्ट उघडून बघितला, पाइप गच्च भरलेत. बंद पडलेल्या टेलिफोन वायरी काढल्या तर चालतील का?

तारयंत्री: आधी लिफ्टचा फोन आणि फायर अलार्म त्यावर नाहीत ना ते तपासा. मगच कापा.