‘कर्ब’, ‘कर्ब वायू’ आणि ‘पीपीएम’

प्रश्न : ‘हवेतील कर्ब’ आणि ‘हवेतील कार्बन डायऑक्साइड’ हे शब्दप्रयोग एकाच अर्थाने वापरावेत का? तसेच ‘पीपीएम’ला (पार्ट्स पर मिलियन) मराठीत काय म्हणावे?

उत्तर : एकाच्या जागी दुसरा वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्ब हे मूलद्रव्य आहे. मातीतला सेंद्रिय कर्ब, कोळसा, हिरा या सगळ्यांत तो आहे. तापमानवाढीस कारणीभूत ठरणारा वायू मात्र कर्बाचे प्राणवायूशी झालेले संयुग आहे. त्याचे जुने नाव ‘कर्बद्विप्राणिद’ जिभेला जड खरे, पण त्यात रेणूची रचना उघड दिसत असे, याचे मला आजही अप्रूप वाटते. आता ‘कार्बन डायऑक्साइड’ रुळला आहे, तेव्हा तोच लिहावा.

हा केवळ काटेकोरपणाचा हट्ट नव्हे. १२ किलो कर्ब पूर्ण जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यामुळे ‘एक टन कर्ब उत्सर्जन’ असे लिहिताना लेखकाला मूलद्रव्य अभिप्रेत आहे की वायू, यावर आकडा सुमारे ३.६७ पटींनी बदलतो, आणि वाचकाला ते कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.

‘पीपीएम’साठी ‘दशलक्षांश’ चालेल. मात्र पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे’ असे फोडून सांगावे. ‘कोरड्या’ हा शब्द गाळू नये, कारण हवेतील बाष्प सतत कमी-जास्त होत असते आणि ते वगळल्याशिवाय दोन ठिकाणच्या किंवा दोन दिवसांच्या मोजण्यांची तुलना करता येत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइडची नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा हवेतील बाष्प गोठवून काढून टाकत आणि मग त्या हवेतून अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोडून त्यांतले किती शोषले गेले ते पाहत. अवरक्त किरण शोषण्याच्या ज्या गुणामुळे हा वायू पृथ्वीची उष्णता अडवतो, त्याच गुणाच्या आधारे तो मोजलाही गेला. औद्योगिक क्रांतीपूर्वी सुमारे २८० पीपीएम असलेले हे प्रमाण कीलिंग यांच्या सुरुवातीच्या नोंदींत ३१५च्या आसपास होते आणि २०२४ साली तेथील वार्षिक सरासरी ४२४च्या पुढे गेली.

पुरवणी प्रश्न : ‘हरितगृह वायू’ या शब्दातील ‘हरित’मुळे तो पर्यावरणास हितकारक वाटतो. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : शंका रास्त आहे. ‘हरित ऊर्जा’ आणि ‘हरितगृह वायू’ एकाच परिच्छेदात आले की नव्या वाचकाचा गोंधळ होतोच. शिवाय मूळ उपमाही अपुरी आहे. काचेचे घर मुख्यतः तापलेली हवा वर निघून जाऊ देत नाही म्हणून उबदार राहते, तर हे वायू जमिनीने बाहेर टाकलेले उष्णतेचे किरण शोषून त्यांतला काही भाग परत खाली पाठवतात. ‘उष्णतारोधक वायू’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, परंतु पाठ्यपुस्तकांतून रुजलेला शब्द एकाएकी बदलणार नाही, म्हणून तूर्तास दोन्ही शेजारी-शेजारी लिहावेत.