दानशेन या चिनी औषधी मुळाने हृदयाच्या पेशी वाचतात, हे नेमकं कशात 'सिद्ध' झालं?

पेशीजाल: 'दानशेनने हृदयाच्या पेशींचा मृत्यू थांबतो, हे सिद्ध झालंय,' असं काल या चर्चेत ठोकून दिलं गेलं. कशात सिद्ध झालं? बऱ्याचदा प्रयोगशाळेत वाढवलेल्या एच९सी२ पेशींत. त्या उंदराच्या भ्रूणाच्या हृदयातून आलेल्या, न धडधडणाऱ्या, सतत विभागणाऱ्या. प्रौढ हृदयपेशी तशी वागत नाही. जिवंत उंदरांत? बऱ्याचदा आधी काही दिवस औषध पाजतात, मग हृदयाची डावी पुढची रोहिणी 30 मिनिटं दोऱ्याने आवळून सोडतात. नंतर हृदयाच्या चकत्या टीटीसी या रंगद्रव्यात बुडवतात: जिवंत भाग लाल, मेलेला फिकट. हृदयविकाराच्या झटक्याआधी माणसाला औषध कोण देणार?

काढाप्रेमी: तोंगशिनलुओ हे दुसरं चिनी औषध विसरलात! 2023, जामा हे वैद्यकीय नियतकालिक. चीनमधली 124 रुग्णालयं, ईसीजीत एसटी भाग वर गेलेल्या झटक्याचे 3,777 रुग्ण, डबल ब्लाइंड (कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही नाही, डॉक्टरलाही नाही माहीत). पहिला डोस 2.08 ग्रॅम, पुढे 1.04 ग्रॅम दिवसातून तीनदा, नेहमीच्या उपचारांसोबत. 30 दिवसांत हृदयमृत्यू, पुन्हा झटका, स्ट्रोक वगैरे मिळून 3.4 टक्के, प्लासिबोत (खोट्या औषधात) 5.2. औषध झटक्यानंतरच दिलं होतं.

पेशीजाल: चाचणी भक्कम आहे, मानावंच लागतं. पण तिचा मुख्य निकष पेशींचा नव्हता. शिवाय त्यात जळू, विंचू, गोम, जिनसेंग, आणखी बरंच. यातल्या कोणत्या घटकाने काम केलं? सायक्लोस्पोरिन हे औषध आठवा. पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातलं, पेशी मारणारं छिद्र ते उघडू देत नाही, 2008 मध्ये 58 रुग्णांत आशा दिसली, 2015 मध्ये 970 रुग्णांत फायदा शून्य.

आयएनआर: यंत्रणेवर भांडताय, पण धोक्याचं कुणी बोलत नाही. वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असलेल्याने दानशेन घेतल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) चढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी हाँगकाँगमधून 1990च्या दशकातच आल्यात.

काढाप्रेमी: मग दर आठवड्याला आयएनआर तपासा, डोस कमी करा. झालं!

आयएनआर: काय झालं? काढ्याच्या प्रत्येक खेपेत घटकांचं प्रमाण वेगळं. आज जुळवलेला वॉर्फरिनचा डोस पुढच्या पुडीला चुकतो. काढा मध्येच बंद केला की आयएनआर घसरतो, आणि कृत्रिम झडप असेल तर तिच्यावर गुठळी. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी औषधं चालू असतील तर रक्तस्रावाची भीती आणखी वेगळी. असला सल्ला इथे देऊ नका!

काढाप्रेमी: बरं, वॉर्फरिनवाल्याला दानशेन नको, मागे घेतो. त्याने तोंगशिनलुओचे आकडे खोडले जात नाहीत.

पेशीजाल: आकडे कोण खोडतंय? चीनबाहेर तशीच चाचणी करा, एमआरआयने मेलेला भाग मोजा, मग पेशींबद्दल बोलू. तोवर 'सिद्ध झालंय' ही ओळ काढून टाका.