आयरिश व्याकरण: आद्य व्यंजनातील बदल आणि ‘इस’-‘तॉ’ यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. नोकरीनिमित्त गॉलवे येथे राहत असल्याने मी सध्या आयरिश शिकत आहे. आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेने या भाषेला पहिल्या राजभाषेचा मान दिला असला, तरी रोजच्या बोलण्यात ती मुख्यत्वे गेलताख्त म्हटल्या जाणाऱ्या भागांतच ऐकू येते. त्यामुळे शंका विचारायला माणूस सहजी भेटत नाही.

वाक्याच्या आरंभी क्रियापद, मग कर्ता, मग कर्म, ही रचना अंगवळणी पडली आहे. ‘तॉ ल्याउर अगम’ हे तर मराठी माणसाला शिकवावेच लागत नाही, कारण आपणही ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ असेच म्हणतो. माणसे मोजताना ‘बेर्त’, ‘त्रूर’ असे वेगळे शब्द येतात, तेही आपल्या दोघे-तिघेंमुळे परके वाटले नाहीत.

अडचण शब्दाच्या पहिल्या व्यंजनापासून सुरू होते. ‘कात’ म्हणजे मांजर. पण ‘त्याचे मांजर’ हे ‘अ खात’, ‘तिचे मांजर’ हे ‘अ कात’ आणि ‘त्यांचे मांजर’ हे ‘अ गात’ होते. म्हणजे ‘अ’ हे सर्वनाम तिन्हीकडे तेच राहते आणि मालक कोण, हे केवळ मांजराच्या पहिल्या ध्वनीवरून ओळखायचे. (लेखनात मूळ अक्षर कायम ठेवून त्याला दुसरे अक्षर जोडतात, त्यामुळे शब्दकोशात शब्द निदान सापडतो, ही सोय मला फार शहाणपणाची वाटते.) एवढे समजले. परंतु शब्दयोगी अव्ययानंतर उपपद (इंग्रजी ‘the’सारखा शब्द, आयरिशमध्ये ‘अन’) आले, की गोंधळ होतो. १९५८ च्या अधिकृत प्रमाणभाषेवर आधारलेल्या माझ्या पुस्तकात ‘टेबलावर’ यासाठी (टेबल म्हणजे ‘बोर्ड’) ‘एर अन मोर्ड’ असे रूप आहे, तर रेडिओवर डॉनेगॉलकडचे निवेदक ‘एर अन वोर्ड’ म्हणतात. नवशिक्याने यांपैकी एकच रूप वापरून दुसरे फक्त ओळखता येण्यापुरते ठेवावे का, आणि बोलताना दोन्हींची सरमिसळ झाल्यास ते ऐकणाऱ्याला खटकते का?

दुसरी शंका मला अधिक छळते. मराठीत ‘मी शिक्षक आहे’ आणि ‘मी दमलो आहे’ या दोन्ही वाक्यांना एकच ‘आहे’ पुरते. आयरिशमध्ये मात्र पहिल्यासाठी ‘इस मून्त्योर मे’ आणि दुसऱ्यासाठी ‘तॉ मे तुर्शाख’ म्हणावे लागते. ओळख किंवा वर्ग सांगताना ‘इस’ आणि स्थिती सांगताना ‘तॉ’, असा नियम मी मनाशी धरला होता. तोच ‘तॉ शे इना वून्त्योर’ हे वाक्य वाचनात आले. त्याचा शब्दशः अर्थ ‘तो आपल्या शिक्षकात आहे’ असा होतो, पण सांगायचे असते ते ‘तो शिक्षक आहे’ एवढेच. मग हे वाक्य आणि ‘इस मून्त्योर ए’ यांत नेमका काय फरक आहे? पेशा तात्पुरता असेल किंवा माणूस नव्याने त्या पेशात आला असेल, तेव्हाच ‘तॉ’ची रचना वापरतात, की बोलीभाषेत दोन्ही सर्रास चालतात?

जाणकारांनी नियमासोबत दोन्ही रचनांची रोजच्या बोलण्यातील दोन-चार वाक्ये आणि ती कोणत्या बोलीतील आहेत, हेही दिल्यास उपकृत होईन.