कॉलनीच्या बागेतली शिल्पं काढून हिरवळ करायची का? (लातूर)

मांजराकाठ
आमच्या कॉलनीतली ओपन स्पेस कित्येक वर्षं उकिरडा होती. लोकांनीच ती साफ करून तिथं बाग केली, टाकाऊ वस्तूंची शिल्पं उभी केली. आता काही रहिवासी म्हणतात, ही बाग भंगाराच्या दुकानासारखी दिसते, सगळं उचला, हिरवळ लावा आणि व्यायामाची यंत्रं बसवा. माझा याला ठाम विरोध आहे.

बागेत काय आहे ते आधी सांगते. दाराशी सायकलच्या चेनी आणि नांगराचे फाळ जोडून केलेला बैल आहे. पोळ्याला पोरं त्याच्या शिंगांना बेगड लावतात, पाठीवर झूल टाकतात. ओट्यावर फुटक्या फरश्या आणि बांगड्यांच्या काचांचा मोर आहे, तो बायकांनी मिळून केला. पायवाटेच्या कडेनं जाती, उखळं, पाटे-वरवंटे मांडलेत. फ्लॅटमध्ये गेल्यावर ह्या वस्तूंना घरात जागा उरली नाही आणि टाकून द्यायला कुणाचं मन धजेना. त्यातलं एक जातं 1993 च्या भूकंपात किल्लारीकडं पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून काढलेलं आहे. त्या घरच्या आजी संध्याकाळी त्याच्याजवळ येऊन बसतात, पोरांना ओव्या म्हणून दाखवतात. व्यायामाच्या यंत्रापाशी हे होणार आहे का?

अहमदपूरकर
ताई, तुमच्या बायकांचे कष्ट मान्य. पण आपल्याकडं बाग म्हणजे आधी सावली. मे महिन्यात दुपारी त्या लोखंडी बैलाला हात लावून बघा, चटका बसतो. एवढ्या जागेत लिंब, करंज, चिंच लावली असती तर म्हातारी माणसं भर उन्हातही बसली असती.

दुसरं म्हणजे टायर. मी ती बाग बघितलीय, टायरचे हत्ती आणि कुंड्या आहेत तिथं. पावसाळ्यात टायरच्या आत पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. आमच्या गल्लीतली लेकरं डेंग्यूनं दवाखान्यात होती, म्हणून कळकळीनं सांगतोय. शोभेपायी हा धोका कामून घ्यायचा?

शिक्षिका_औसा
हिरवळ मागणाऱ्यांनी 2016 चा एप्रिल आठवावा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या, सगळं मिळून जेमतेम 5 लाख लिटर पाणी. ज्या गावानं हे सोसलं त्यानं टँकरच्या पाण्यावर लॉन जगवायचं? शिल्पाला थेंबभर पाणी लागत नाही.

आणि भंगार म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी चंदीगडचं रॉक गार्डन बघावं. नेकचंद हे रस्त्यांच्या कामावरचे निरीक्षक. 1957 च्या सुमारास सरकारी जंगलजमिनीवर, कुणाला कळू न देता, त्यांनी फुटकी भांडी, फरश्या, बांगड्या यांची शिल्पं करायला घेतली. बेकायदा म्हणून ती पाडायची भाषा झाली होती. शेवटी 1976 मध्ये तीच बाग लोकांसाठी खुली झाली.

अहमदपूरकर
मॅडम, हिरवळ मी मागितलेलीच नाही. लिंबाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घातलं की पुढं तो आपला आपण जगतो.

चंदीगडचं सांगायचं तर पुढचंही सांगा. नेकचंदांना सरकारनं त्याच कामासाठी पगार दिला, हाताखाली 50 मजूर दिले. 1996 मध्ये ते परदेशी असताना तिथली माणसं काढून घेतली गेली आणि बागेची नासधूस झाली. सांभाळणारे हात गेले की एवढ्या मोठ्या बागेचंही असं होतं. तुमच्याकडं सांभाळणार कोण?

करंजाची_सावली
माझं भांडण वेगळं आहे. शिल्पं ठेवा, पण जिवंत झाडांना सोडा. बुंध्यांवर ऑइलपेंटनं फुलं-पाखरं काढलीत, खिळे ठोकून पाट्या लावल्यात. सालीच्या बारीक छिद्रांतून झाडाला हवा मिळते, तीच बुजवून टाकायची? चित्रं काढायला कुंपणाची भिंत पडलीय की रिकामी.

मांजराकाठ
टायरचं म्हणणं रास्त आहे. तळाला भोकं पाडून माती भरू, ज्यात ते जमत नाही ते टायर काढून टाकू. झाडांवरचे खिळेही काढू. पण बैल, मोर आणि जाती हलणार नाहीत.

सांभाळणार कोण, हे दादांनी बरं विचारलं. ज्या घरचं जातं, त्या घरचं माणूस येऊन तिथला केरकचरा काढतं. ठेकेदारानं केलेल्या बागा आपण सगळ्यांनी बघितल्यात: बिल निघेपर्यंत पाणी, नंतर वाळलेलं गवत आणि मोडका झोपाळा. त्या मोडक्या झोपाळ्यासाठी कुणाचा जीव तुटत नाही, कारण त्यात कुणाच्या घरचं काहीच नसतं.

अहमदपूरकर
मग जातं देणाऱ्या प्रत्येक घराला एक झाडही सांभाळायला द्या. पहिला मोठा पाऊस पडला की बैलाच्या दोन्ही बाजूंना लिंब लावा, रोपं मी देतो. मोराच्या काचांच्या कडाही घासून घ्या, लेकरं हात लावतात. दोन उन्हाळे रोपं जगवून दाखवा. तोवर माझं मत तेच आहे, सावली आधी.