जुनं बालपुस्तक पुन्हा छापायचं, तर जसंच्या तसं की बदलून?

सुतळी (धागाकर्ता)
लहानपणी पारायणं केलेलं एक पुस्तक परवा हाती लागलं. ४८ पानी, मधोमध पिना मारलेलं. पिना गंजून कागदावर तांबूस डाग पडलेत. मी मोठा झाल्यापासून ते कुठे विकत मिळाल्याचं आठवत नाही. लेखक हयात नाहीत, पण त्यांच्या नातवाची छापायला हरकत नाही. माझं म्हणणं, एक अक्षरही न बदलता मूळ चित्रांसकट छापावं. दुरुस्तीला हात घातला की पुस्तक लेखकाचं राहत नाही. बोला.

खारूताई
असहमत. एक अक्षरही न बदलता म्हणजे अनुस्वारांसकट? १९६२ च्या लेखननियमांआधीचं असेल तर त्यात 'मुलगा घरांत शिरला' असंच असणार. माझ्या भाचीनं असं एक जुनं पुस्तक वाचायला घेतलं आणि पहिल्याच पानावर विचारलं, "किती घरांत?" चोर आहे का तो, हा पुढचा प्रश्न! मुलांना गोष्ट वाचायची असते, पोथी नाही.

सुतळी
हा हा, घरांत मान्य. अनुस्वार काढू. ती त्या काळची लिहिण्याची रीत होती, लेखकाची शैली नव्हे. पण शब्दांना हात नको. यातली आजी 'कंदिलाची वात सारते'. आता तिथे 'दिवा लावते' केलं तर खोलीतला निम्मा अंधार गेला. वात सारणं म्हणजे काय, ते मूल विचारेल. विचारू दे की.

तिरकस
मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही: हे हवंय कुणाला? पन्नाशीतली माणसं हळवी होऊन घेणार, नातवंडांना वाढदिवसाला देणार, नातवंडं कपाटात ठेवणार. तेवढ्याच खर्चात आज लिहिणाऱ्या एखाद्याचं पहिलं पुस्तक निघेल. स्मरणरंजनाला बालसाहित्य म्हणू नका.

खारूताई
@तिरकस, इथे मी सुतळींच्या बाजूनं. मुलाला पुस्तकाचं वय कुठे ठाऊक असतं? पहिल्यांदा वाचतो तेव्हा ते नवंच. न्यूयॉर्क रिव्ह्यू बुक्सनं २००३ पासून मुलांच्या जुन्या, बाजारातून गेलेल्या पुस्तकांची मालिकाच चालवली आहे. सुतळी, तुम्हाला मात्र एक विचारते. त्यात कुणाच्या व्यंगावरून हाक मारलेली असेल तर? तेही जसंच्या तसं?

सुतळी
आहे. एका पोराला सगळे 'लंगड्या' म्हणतात. तरी ठेवावं असंच वाटतं, सुरुवातीला दोन ओळींची टीप देऊन. एनिड ब्लायटनच्या 'फेमस फाइव्ह'ची भाषा प्रकाशकांनी २०१० मध्ये आजची केली. वाचकांना रुचली नाही म्हणून २०१६ मध्ये जुन्या मजकुराकडे परतले. रोआल्ड डालच्या पुस्तकांतले बदल गाजल्यावर २०२३ मध्ये प्रकाशकांना मूळ पाठही बाजारात ठेवू म्हणून सांगावं लागलं.

तिरकस
टीप मोठी माणसं वाचतात हो. वर्गातल्या लंगडणाऱ्या पोराला ती टीप वाचवणार नाही; मधल्या सुट्टीत नवं नाव तेवढं मिळेल.

खिळेजुळारी
भांडा, पण आधी चित्रांचं बघा. नातवानं दिलेली परवानगी मजकुरापुरती. चित्रकारानं आपले हक्क लिहून दिलेले नसतील तर त्याच्या वारसांनाही विचारावं लागेल. भारतात लेखक असो वा चित्रकार, मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, तोही पुढच्या १ जानेवारीपासून मोजून. १९७० मध्ये गेला असेल तर २०३० संपेपर्यंत.

दुसरं, छापील पानावरून स्कॅन करणार असाल तर रेघांची चित्रं बरी उतरतील. राखाडी छटांची चित्रं मुळातच ठिपक्यांच्या जाळीत छापलेली असतात, त्यावर नवी जाळी बसली की आजीच्या लुगड्यावर लाटा उठतात. मूळ चित्रं कुणाच्या घरी असतील तर तीच शोधा. मजकूर यंत्राकडून वाचून घ्याल तर घ आणि ध, भ आणि म डोळ्यांत तेल घालून तपासा. 'घन'चं 'धन' झालं तरी वाक्य बिनबोभाट चालतं, चूक सापडत नाही.

सुतळी
@खिळेजुळारी, चित्रकाराचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आत्ता पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, नाव कुठेच नाही. शेवटच्या चित्रात विहिरीच्या काठाशी दोन अक्षरी सही आहे. भिंग लावून पाहिली, पहिलं अक्षर 'ग' आहे की 'रा' ते ठरत नाही. फोटो नातवाला पाठवलाय.

@तिरकस, मधल्या सुट्टीचं डोक्यातून जात नाहीये. ते पान आज पुन्हा वाचतो.