मदत हवी आहे : डोंगरातला वारसा वर्गात कसा शिकवावा?

नमस्कार. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या परिसरातील प्राथमिक शाळेत मी शिकवतो. महादेव कोळी आणि ठाकर समाजांतील माझ्या विद्यार्थ्यांना १,६४६ मीटर उंचीचे हे शिखर रोज दिसते, परंतु पाठ्यपुस्तकातून त्यांना बहुधा केवळ त्याची उंचीच कळते. राब भाजून (म्हणजे जमिनीवर पालापाचोळा-फांद्या जाळून) केलेली नाचणी-वरईची शेती, वाघोबाची पूजा आणि राघोजी भांगरे यांचा इंग्रजांविरुद्धचा लढा हे विषय परिसर अभ्यासाच्या तासाला जोडण्याचा माझा विचार आहे. बोहाडा या मुखवट्यांच्या पारंपरिक उत्सवातील सोंगे केवळ स्नेहसंमेलनात नाचवणे (जे सहज जमते) मला अपुरे वाटते. मुखवट्यांमागचा देवतांचा मान गावातील जाणत्यांनीच वर्गात येऊन सांगावा. अशा मौखिक माहितीच्या नोंदी मुलांकडून कशा करून घ्याव्यात आणि त्यांचे मूल्यमापन कसे करावे, याबाबत अनुभवी शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.